विहिरीतली हवा

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. माझ्या ओळखपत्रावर 'कार्बन पडताळणी अधिकारी' असं लिहिलेलं आहे, पण कामाचा अर्थ तोच. कोळशावर चालणारी जी थोडी वीजकेंद्रं देशात अजून उरली आहेत, त्यांनी आपला धूर जमिनीत परत घालायचा, नाहीतर टाळं लावायचं, असा कायदा झाला. मग प्रत्येक कंपनी म्हणू लागली की आम्ही घालतो. ती खरंच घालते का, हे बघायला सरकारने माझ्यासारखी संशयी माणसं नेमली. माझी आई असती तर म्हणाली असती की उर्मिलेला नोकरी देऊन सरकारने स्वतःचीच सोय केली, कारण दूधवाल्याचं माप मी चौथीत असल्यापासून तपासते.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे 'तेजोवर्धन ऊर्जा'चं उमरापूर केंद्र आलं. उमरापूर म्हणजे वऱ्हाडातलं माझं माहेर. माझा धाकटा भाऊ गुणवंत तिथे शेती करतो आणि कंपनीने त्याला गावाचा संपर्कप्रमुख नेमलेलं होतं. मी हे नातं कार्यालयात लिहून दिलं. साहेब म्हणाले, "जाहीर केलंत ना, मग झालं. तिकडचं बोलणं कळणारं दुसरं माणूस माझ्याकडे नाही." मला ते तेव्हाच खटकलं होतं. कंपनीलाच मी हवी होते की काय, अशी पाल मनात चुकचुकली. पण भावाला भेटायची ओढ होती, आणि मी बॅग भरली.

गुणवंत माझ्या अगदी उलट. फेरीवाल्याने 'अस्सल' म्हटलं की याच्यासाठी ते अस्सल. याच स्वभावापायी त्याने गावातल्या लोकांना घरोघरी फिरून पटवलं होतं, की आपल्या शिवारात कंपनीला भोकं पाडू द्या, धूर खाली जाईल, दगड होईल, आपल्याला काही त्रास नाही. लोकांनी कंपनीकडे बघून नव्हे, त्याच्याकडे बघून सह्या केल्या होत्या. कंपनी खोटी निघाली, तर गाव आधी त्याची मान धरणार होतं. आणि त्याला ते खोटं आधीपासून माहीत असलं, तर माझा भाऊ मला ओळखूच आला नाही असं झालं असतं. मला भीती होती ती या दुसऱ्या गोष्टीची.

केंद्राचे प्रमुख डॉ. सबनीस. पांढरे केस, मऊ आवाज, आणि समोरच्याला आपण हुशार आहोत असं वाटायला लावण्याची कला. त्यांनी मला दालनात बसवून सोड्याची बाटली मागवली.

"मॅडम, सगळं शास्त्र या बाटलीत आहे," ते म्हणाले. "धुराड्यातून येणारा कार्बन डायऑक्साइड आम्ही वेगळा काढतो आणि दाब देऊन पाण्यात विरघळवतो. सोडाच तो. हा सोडा आंबट असतो. तो आम्ही खोल काळ्या कातळात सोडतो. दख्खनच्या या कातळात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. आंबट पाणी ते कातळातून ओढून घेतं, आणि मग कॅल्शियम आणि विरघळलेला वायू एकत्र येऊन त्याचा पांढरा दगड बनतो. चुनखडीच म्हणा ना. दोन-तीन वर्षांत धूर दगड होऊन बसतो. दगड काही उडून वर येत नाही."

"आणि दगड व्हायच्या आधी आला तर?"

"पाण्यात विरघळलेला वायू जड पाण्याबरोबर खालीच जातो. शिवाय कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा घट्ट पट्टा आहे. झाकणच ते."

शास्त्रात खोट नव्हती. मी हे सगळं शिकलेली होते, आणि ही युक्ती मला मनापासून आवडते. पण युक्ती चांगली असली म्हणून ती वापरणारा चांगला असतो, असं मला कधी वाटलेलं नाही.

"एक टन वायू विरघळवायला पंचवीस टन पाणी लागतं," मी म्हटलं. "मी येताना धरण पाहिलं. तळाला भेगा पडल्यात. तरी तुमचे मे महिन्याचे आकडे जानेवारीइतकेच आहेत. पाणी कुठून आणता?"

"बंदिस्त चक्र, मॅडम. तेच पाणी आम्ही वर खेचतो, पुन्हा वापरतो. थेंब वाया जात नाही."

ते हसले. मीही हसले. सोडा मी प्यायले नाही.

दुपारी गुणवंतकडे जेवायला गेले. भावजय सिंधूने माझ्यासाठी भरली वांगी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. गुणवंत कंपनीचा बिल्ला लावलेल्या शर्टातच जेवायला बसला.

"ताई, पाहिलं का आमचं केंद्र? आता सांग, हाये का खोट?"

"पाणी कुठून आणतात रे एवढं?"

"बंदिस्त चक्र हाये ते," तो घास गिळत म्हणाला. "थेंब वाया जात नाई."

माझा हात ताटातच थांबला. शब्द तेच आणि त्याच क्रमाने होते. माणूस स्वतःला कळलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगतो, पढवलेली गोष्ट दुसऱ्याच्या. याला कुणी पढवलं, आणि कशासाठी?

"मला शिवारातल्या विहिरी बघायच्यात," मी म्हटलं. "ओढ्याकाठची आपली विहीर पहिली. भोकं तिथून जवळ आहेत ना?"

सिंधूने नवऱ्याकडे पाहिलं. गुणवंतने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

"त्या विहिरीत काय ठेवलं आता? तळाशी गेलं पानी. उद्या दाखवतो तुले वरच्या मळ्यातली."

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच मला सगळ्या विहिरी दाखवल्या, ओढ्याकाठची सोडून. रस्ता त्या बाजूला वळला की त्याला एखादं काम आठवे. मी त्याच्या गाडीत मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत होते आणि मला स्वतःचाच राग येत होता. ज्या पोराला मी कडेवर घेऊन जत्रा दाखवली, त्याच्याकडे मी सबनीसांकडे बघावं तसं बघत होते. पण नजर आवरत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी कुणालाही न सांगता भोकांच्या आवारात गेले. ऐन दुपार होती. पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवल्यावर त्याने फाटक उघडलं. आत दोन नळ जमिनीत उतरत होते, हिरवा वायूचा आणि निळा पाण्याचा. दोन्हींच्या मीटरवरचे आकडे झकास पळत होते. आकडे पळवणं सोपं असतं, म्हणून मी नळांना हात लावला. हिरवा नळ थरथरत होता, म्हणजे आतून वायू जात होता. वाहत्या पाण्याचा नळ कितीही उन्हात हाताला गार लागतो, त्याच्यावर दव धरतं. निळा नळ तव्यासारखा पोळला. मी बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली. आतून पोकळ आवाज आला.

एका क्षणात सगळं उलगडलं. बंदिस्त चक्र वगैरे काही नव्हतं. पाणी संपल्यावर कंपनी वायू नुसताच, कोरडा, दाबाने खाली ढकलत होती. धुराड्यातून तो बाहेर गेला नाही एवढंच कायद्याला दाखवायचं होतं. पण पाण्याशिवाय त्याचा दगड होत नाही. कोरडा वायू जमिनीतल्या पाण्यापेक्षा हलका पडतो आणि कातळाच्या भेगांमधून वर सरकत राहतो. वर तांबड्या मातीचं झाकण खरं, पण ते सबनीसांच्या जुन्या नकाशात. गेल्या वीस वर्षांत पाण्याच्या शोधात गावाने त्या झाकणाला बोअरवेलची भोकं पाडून त्याची चाळणी केली होती. ती भोकं कंपनीने मोजलीच नव्हती.

मी सबनीसांना तिथूनच फोन लावला.

"निळ्या नळाची देखभाल चालू आहे, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "आजच. तुम्ही आधी कळवलं असतं तर आपण सोबत गेलो असतो."

"वायू का बंद केला नाही मग?"

"तेही बघतो. तुमचे बंधू किती मेहनत घेतात, तुम्हाला ठाऊक आहेच. अहवाल लिहिताना घाई करू नका."

यात धमकी होती की विनंती, हे मला ठरवता आलं नाही. बहुधा दोन्ही.

त्या संध्याकाळी मी गुणवंतला अंगणात बसवून सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा लाल होत गेला.

"तुले सगळ्यावरच संशय!" तो ओरडला. "नळ गरम लागला म्हनून कंपनी खोटी? उन्हात काय गरम लागत नाई, ताई? लहानपनी मास्तरनं मले जास्त मार्क देल्ले तं तू पेपर तपासाले शाळेत गेल्ती!"

"आणि बेरीज चुकलेलीच होती," मी म्हटलं.

सिंधू तोंडाला पदर लावून हसली, पण गुणवंत हसला नाही.

"गावानं माह्या शब्दावर सह्या केल्या. तू आता असं लिवलं तं मी कोनाले तोंड दाखवू? तू चालली जाशीन पुन्याले. मले इथंच ऱ्हायचं हाये."

"गुणवंता, तुला यातलं किती माहीत होतं?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मला तो परत घ्यावासा वाटला. तो उठला आणि घरात गेला.

सकाळी मी बॅग आवरत होते तेव्हा सिंधू पूजेचं ताट तयार करताना दिसली. हळद, कुंकू, नारळ, कापूर, निरांजन, काडेपेटी.

"कसली पूजा?"

"ओढ्याकाठच्या विहिरीचा गाळ काढाचा हाये आज. ते कवाचेच गेले, यारीवाले आले म्हनून." मग ती घुटमळली. "ताई, ते तुमाले तिकडं नेत नवते ना, त्यायच्यावर राग धरू नोका. त्या विहिरीतले सगळे मासे मेले. बेडूकबी. त्यायनं कापसाले औषध फवारलं, तेच वाहून गेलं अशीन, असं वाटते त्यायले. तुमी बोलसान म्हनून लपवलं."

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि धावत सुटले. पन्नाशीच्या बाईने ढेकळांतून धावू नये, पण मी धावले. मासे औषधाने मेले असतील तर एक वेळ मरोत, बेडूकही मरोत. पण तसं नसेल, तर त्या विहिरीत आता जे भरलं होतं ते दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे ते खड्ड्यात साठून राहतं. त्यात उतरलेला माणूस ओरडायच्या आधीच खाली बसतो.

विहिरीवर माणसं जमली होती. यारीची, म्हणजे गाळ उपसायच्या रहाटाची, लोखंडी बादली काठाबाहेर लोंबत होती आणि गुणवंत तिच्यात उभा राहून साखळी धरत होता. मजूर मेलेले बेडूक पाहून बिचकले होते, म्हणून मालक पहिला उतरत होता.

"थांब!" मी ओरडले. "उतरू नको! आत वायू आहे!"

"आली," गुणवंत लोकांना म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ताई, आमी येडे नाई. गावात पूर्वीपासून रीत हाये, मानूस उतराच्या आधी विहिरीत दिवा सोडाचा. दिवा विझला तं उतराचं नाई. सोडला आमी दिवा. पाहा, कसा लखलखून ऱ्हायला!"

मी काठावरून वाकून पाहिलं. खोल तळाशी, दोरीला बांधलेला एक दिवा खरंच लखलखत होता. दिवाळीत कंपनीने प्रत्येक घराला वाटलेला तो दिवा, रॉकेलचा धूर वाचावा म्हणून. बॅटरीवर चालणारा.

"अरे, तो बॅटरीचा आहे!" माझा आवाज फाटला. "तो पाण्यात बुडाला तरी जळेल! रीत ज्योतीची आहे, गुणवंता, ज्योतीची!"

मग कुणीतरी मागे दबलेल्या आवाजात "बाप्पा!" म्हणालं.

मी ताटातलं निरांजन पेटवलं. एका मजुराने ते बादलीत ठेवून दिलं. आधी गुणवंतला बाहेर यावं लागलं. तो आला, पण मला खोटं पाडायला आल्यासारखा. यारी फिरली, बादली खाली जाऊ लागली. ज्योत उभी होती. काठाच्या सावलीत गेली तरी उभी होती. पिंपळाचं रोप जिथे दगडातून फुटलं होतं, तिथवर ती पोचली, आणि वारा नसताना, न फडफडता, गेली.

बादली वर घेतली. ज्योत पुन्हा पेटवली, या वेळी कापराच्या वड्या टाकून. पुन्हा त्याच जागी, कुणी चिमटीत धरावी तशी ती विझली. तळाचा बॅटरीचा दिवा मात्र लखलखतच होता.

गुणवंत काठावर खाली बसला. माझ्या मनात त्या घडीला दोन गोष्टी आल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक, माझा भाऊ वाचला. दुसरी, त्याला काही माहीत नव्हतं, कारण माहीत असलेला माणूस त्या बादलीत पाय ठेवणार नाही. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"काल तू मले इचारलं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले किती माहीत होतं म्हनून. खरंच वाटलं तुले?"

"वाटलं," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

तो उठला आणि यारीवाल्यांना बादली बाजूला घ्यायला सांगायला गेला.

तासाभरात सबनीस आले. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि मऊ आवाजात सगळ्यांना समजावलं. उन्हाळ्यात पडीक विहिरीत वाईट हवा साठते, पाला कुजतो, गाळ कुजतो, हे आपल्या आज्यापणज्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर ती रीत पडली. यात कंपनीचा काय संबंध?

यात खरेपणाही होता, म्हणूनच ते धोक्याचं होतं. लोक माना डोलवू लागले.

"संबंध तपासता येतो," मी म्हटलं, आणि सबनीसांना नव्हे तर लोकांना सांगू लागले. "झाडपाला हवेतला कार्बन घेतो. त्यात एक किंचित किरणोत्सारी भाग असतो, कार्बन-चौदा. झाड मेलं की तो हळूहळू कमी होत जातो. काल-परवाचा पाला कुजून जो वायू होतो, त्यात तो असतोच. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेली झाडं, त्यातला तो केव्हाच संपला. विहिरीतला वायू पाल्याचा असेल तर त्यात कार्बन-चौदा सापडेल. धुराड्यातला असेल तर सापडणार नाही. प्रयोगशाळा दोन आठवड्यांत सांगते."

सबनीसांचा चेहरा पहिल्यांदा जरासा ताठरला. "अवश्य तपासा," ते म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

मी बॅग मागवून लांब नळीने विहिरीतला वायू हवाबंद पिशव्यांमध्ये भरून घेतला आणि तोंडं बंद केली. पिशव्या डब्यात ठेवत असताना गुणवंत जवळ आला.

"एक पिशवी मले दे."

"कशाला?"

"मी दुसरीकडं पाठवतो. नागपूरले. माह्या नावानं."

"माझ्या तपासणीवर विश्वास नाही तुझा?"

माझा भाऊ खोटं बोलायला कधीच शिकला नाही. "कंपनीवर होता तं काय झालं ते पाहिलं ना," तो म्हणाला. "आता कोनाचं काय म्हनून मानू, ताई? तुहंबी."

मी पिशवी दिली. नियमाने बघितलं तर त्याने केलं ते अगदी योग्य होतं. मी प्रशिक्षणात नव्या पोरांना हेच शिकवते. मला ते इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

दोन्ही प्रयोगशाळांचं उत्तर एकच आलं. वायूत कार्बन-चौदा जवळपास नव्हताच. उमरापूरची भोकं सील झाली, केंद्र थंड पडलं, आणि सबनीस दुसऱ्या एका कंपनीत मोठ्या पदावर गेल्याचं कळलं. गावाने ग्रामसभेत गुणवंतला उभं केलं, तेव्हा तो म्हणाला की चूक माझी आहे, मी न तपासता तुम्हाला शब्द दिला, आता तपासून सांगतो. नागपूरचा कागद त्याने वाचून दाखवला. माझ्या अहवालाचं नाव घेतलं नाही. सिंधूने मला हे फोनवर सांगितलं.

पावसाळ्याच्या शेवटी कंपनीविरुद्धची सुनावणी होती. साक्षीसाठी गुणवंत पुण्याला माझ्याकडे आला. तो वाळला होता. शर्टावरच्या बिल्ल्याची भोकं तेवढी उरली होती. सोफ्यावर टेकायच्या आधी त्याने खिडकी उघडी आहे ना, हे पाहिलं. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. त्याने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, पण ओठांना लावला नाही.

"कुठलं पानी हाये हे?"

"नळाचं. मशीनमधून गाळलेलं."

"मशीन कोन तपासते?"

आयुष्यभर मी लोकांना हाच प्रश्न विचारत आले होते. मला वाटत असे की सगळ्यांनी हा प्रश्न विचारला तर जग सुधारेल. समोर माझा भोळा भाऊ तो विचारत होता आणि माझ्या काळजाचं पाणी होत होतं.

मी त्याच्या हातातून ग्लास घेतला, त्याच्यासमोर अर्धा प्यायले आणि परत दिला. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग उरलेलं पाणी तो प्याला.